ब्लूबेरीचा घरगुती जाम : घड्याळापेक्षा वजनकाट्यावर भरवसा ठेवावा

निरीक्षक (धागाकर्ता)

ब्लूबेरीच्या जामची कोणतीही कृती उघडून पाहिली, तरी शेवटच्या टप्प्यावर ती हमखास मोघम होते. फळे किती, साखर किती, लिंबू किती हे ग्रॅममध्ये सांगून झाल्यावर ‘वीस ते चाळीस मिनिटे किंवा दाट होईपर्यंत शिजवावे’ असे एक वाक्य येते आणि खरी कसोटीची वेळ नवख्याच्या अंदाजावर सोडून दिली जाते. पातेले रुंद असेल तर वीस मिनिटांत काम होते, उभट असेल तर तेवढ्या वेळात निम्मेही पाणी उडत नाही, आणि आचेचा फरक निराळाच. त्यामुळे किती वेळ शिजवायचे यापेक्षा किती आटवायचे हे विचारलेले बरे, आणि त्याचे उत्तर वजनकाटा देतो, असे माझे मत आहे.

हिशेब साधा आहे. फळातील पेक्टिन हा चिकट, तंतुमय घटक साखर आणि आम्ल यांच्या संगतीत जाळे धरतो, तेव्हा जाम आळतो. नेहमीच्या जाममध्ये एकूण वजनाच्या सुमारे ६५ टक्के भाग विरघळलेल्या साखरेचा आणि तत्सम घटकांचा असला की हे जाळे नीट बसते व जाम टिकतोही. पिकलेल्या ब्लूबेरीत ८४ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि ढोबळमानाने १२ टक्के विद्राव्य घटक असतात. म्हणजे १ किलो फळांचे १२० ग्रॅम आणि आपण घातलेली ७०० ग्रॅम साखर मिळून ८२० ग्रॅम झाले. हे ८२० ग्रॅम ज्याचा ६५ टक्के हिस्सा होतील, ते वजन साधारण १,२६० ग्रॅम येते. लिंबाचा ५० ग्रॅम रस धरून सुरुवातीला पातेल्यात १,७५० ग्रॅम ऐवज होता, तेव्हा जवळजवळ अर्धा किलो पाणी वाफ होऊन जायला हवे. सुरुवातीला फळे लागू नयेत म्हणून वाटीभर पाणी घातले असले, तरी या शेवटच्या आकड्यात काही फरक पडत नाही, ही या पद्धतीची मला सर्वांत आवडणारी बाजू आहे.

प्रत्यक्षात असे करावे. रिकाम्या पातेल्याचे वजन डावासकट करून कागदावर लिहून ठेवावे. फळे धुऊन देठ आणि बुरशी धरलेले दाणे काढून टाकावेत. दाण्यांवरची पांढुरकी झाक ही फळाचीच मेणचट साय असते, ती फवारणीची भुकटी समजून खसखसून घासण्याचे कारण नाही. साधारण चौथाई दाणे थोडे कमी पिकलेले, देठाकडे तांबूस राहिलेले असतील तर उत्तम, कारण फळ पिकत जाते तसतसे त्यातील पेक्टिन तुटत जाते आणि आंबटपणाही उतरतो. फळे थोड्या पाण्यात मध्यम आचेवर साल मऊ होईपर्यंत शिजवून निम्मी डावाने चेचावीत, मग साखर व लिंबाचा रस घालून मंद आचेवर साखर पूर्ण विरघळू द्यावी आणि त्यानंतरच आच मोठी करावी. काट्यावर जाड लाकडी पाट ठेवून तो शून्यावर आणला, की गरम पातेले अधूनमधून निर्धास्तपणे ठेवता येते. पातेले स्टीलचे किंवा एनॅमलचे असावे. आम्लाची प्रक्रिया होत असल्याने उघडे ॲल्युमिनियम किंवा लोखंड इथे उपयोगाचे नाही.

आपापल्या पद्धती आणि हरकती अवश्य लिहाव्यात.

उकळी

हिशेब पटला, पण निष्कर्ष पुरता पटला नाही. वजन १,२६० ग्रॅमवर आले म्हणजे साखरेचे प्रमाण जमले एवढेच सिद्ध होते, जाम आळेल याची हमी त्यातून मिळत नाही. फळे फार पिकलेली असली किंवा आम्ल कमी पडले, तर ६५ टक्के साखर असूनही हाती दाट पाकच राहतो. पाकाची तार पाहणाऱ्यांचीही अशीच फसगत होते, कारण तार साखरेची घनता सांगते, पेक्टिनविषयी ती काहीच सांगत नाही.

म्हणून माझा भर थंड बशीवर असतो. दोन-तीन बश्या आधीच फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. जाम होत आला की बुडबुड्यांची तऱ्हा बदलते: सुरुवातीचा बारीक, फेसाळ, भरभर वर चढणारा कढ बसतो आणि त्याच्या जागी मोठे, चकचकीत, सावकाश फुटणारे बुडबुडे येतात, डाव फिरवताना तळ क्षणभर उघडा दिसू लागतो. अशा वेळी पातेले आचेवरून बाजूला घेऊन चमचाभर जाम थंड बशीवर टाकावा आणि बशी मिनिटभर पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवावी. मग बोटाने कडेकडून हलकेच ढकलले असता वरच्या थराला सुरकुत्या पडल्या आणि बोटाने केलेली वाट लगेच भरून आली नाही, तर जाम झाला. थेंब नुसताच पुढे सरकला, तर आणखी दोन-तीन मिनिटे द्यावीत. पातेले बाजूला घेण्याची पायरी अनेक जण गाळतात, आणि बशीची परीक्षा चालू असताना इकडे जाम गरजेपेक्षा पुढे निघून जातो.

निरीक्षक (धागाकर्ता)

तुमची हरकत रास्त आहे आणि ती मला मान्य आहे. वजन साखरेविषयी बोलते, बशी पेक्टिनविषयी बोलते; दोन्हीची मोजमापे वेगळी आहेत. तरीही मी वजन आधी पाहतो, कारण केवळ बशीवर विसंबणारा माणूस जाम आळत नाही असे दिसले की उकळतच राहतो, आणि फार वेळ उकळल्याने उरलेसुरले पेक्टिनही तुटत जाते. वजन ठरल्या आकड्यावर आले आणि बशीवर सुरकुती पडत नाही असे दिसले, तर आणखी आटवण्यात अर्थ नाही हे तेव्हाच कळते. तिथे उपाय लिंबाचा रस किंवा पेक्टिन घालण्याचा आहे, आच वाढवण्याचा नाही.

तापमापी

यात तिसरे साधन जोडतो. साखरेचे प्रमाण वाढते तसा मिश्रणाचा उत्कलनबिंदू चढतो, आणि ६५ टक्क्यांच्या आसपास तो पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४.५ अंश सेल्सिअस वर असतो. समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश हा आकडा सर्वत्र छापलेला आढळतो तो यामुळेच. मात्र उंचीवर तो जसाच्या तसा घेऊ नये. दर ३०० मीटर चढाईला पाणी साधारण १ अंश कमी तापमानाला उकळते, म्हणून १,००० मीटर उंचीवर राहणाऱ्याचा जाम १०१ ते १०२ अंशांच्या दरम्यानच तयार होतो. तिथे १०५ अंशांची वाट पाहणाऱ्याच्या पातेल्यात चिवट गोळा तयार होईल. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे त्याच दिवशी, त्याच तापमापीने उकळते पाणी मोजावे आणि त्यात ४.५ अंश मिळवावेत. तापमापी अंशभर चुकीची असली, तरी ती चूक दोन्हीकडे सारखीच राहून आपोआप वजा होते. तापमापीचे टोक तळाला टेकू देऊ नये. जाम थोडासाच असेल आणि टोक पुरते बुडत नसेल, तर तापमापीपेक्षा काटाच बरा.

सायसाखर

१ किलो फळांना ७०० ग्रॅम साखर मला जास्त वाटते. ४०० ग्रॅम घालून चालेल का? आणि साखरेऐवजी गोडी देणारे एखादे बिनउष्मांकाचे द्रव्य वापरले तर?

निरीक्षक (धागाकर्ता)

४०० ग्रॅम घातली तर तोच हिशेब पुन्हा करून पाहा. १२० आणि ४०० मिळून ५२० ग्रॅम झाले. त्यासाठी शेवटचे वजन सुमारे ८०० ग्रॅम यायला हवे. सुरुवातीच्या १,४५० ग्रॅमपैकी ६५० ग्रॅम पाणी उडवायचे, तर फळ इतका वेळ शिजते की ताजा वास जातो, रंग काळपट होतो आणि चव शिजवलेल्या गुळचट पाकासारखी लागू लागते. शिवाय साखर कमी घालण्यामागचा हेतूही साधत नाही, कारण बरणीतल्या दर चमच्यातील साखर शेवटी तेवढीच राहते. फक्त चमचे कमी मिळतात.

खरोखर कमी गोड जाम हवा असेल, तर लवकर थांबून पातळसर जाम स्वीकारावा आणि तो फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवावा, किंवा कमी साखरेसाठी मिळणारे खास पेक्टिन वापरावे. नेहमीच्या पेक्टिनला जाळे धरण्यासाठी किमान ५५ टक्क्यांच्या आसपास साखर आणि ३.५ च्या खालचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) लागतो. कमी साखरेचे पेक्टिन कॅल्शियमच्या आधाराने आळते, त्यामुळे त्याला साखरेची तशी गरज उरत नाही. मात्र ते पाकिटावर दिलेल्या मापानेच वापरावे, तिथे स्वतःचे डोके चालवू नये. बिनउष्मांकाच्या गोडीबद्दल म्हणाल, तर जामला साखर गोडीसाठी लागते तशीच पाणी बांधून ठेवण्यासाठीही लागते, आणि हे दुसरे काम अशा द्रव्यांना जमत नाही.

मंदआच

माझा प्रश्न सालींविषयी आहे. जामची चव उत्तम जमते, पण साली दाताखाली चामड्यासारख्या येतात. काही ठिकाणी फळांना साखर चोळून रात्रभर ठेवावे असे वाचले आहे. त्याने साली मऊ पडतात का?

रसग्रहण

उलट परिणाम होण्याचा संभव अधिक. साखर फळातील पाणी बाहेर ओढून घेते आणि साल आकसून घट्ट होते. एकदा तशी झालेली साल पुढे साखरेच्या पाकात कितीही शिजवली तरी फारशी नरम पडत नाही. म्हणून धाग्यात सुरुवातीला दिलेला क्रम, म्हणजे आधी फळे साखरेविना मऊ शिजवणे आणि मग साखर घालणे, ब्लूबेरीसाठी जास्त योग्य आहे. दाणा दोन बोटांत दाबला असता साल सहज चिरडली गेली, की साखर घालण्याची वेळ झाली असे समजावे. रात्रभर साखरेत ठेवण्याची पद्धत वेगळ्या हेतूची आहे: दाणे अखंड राहावेत आणि भोवती पारदर्शक पाक असावा असे वाटत असेल, तर ती जरूर करावी, पण मग सालींबद्दल तक्रार करू नये.

फळाच्या जातीचाही यात वाटा असतो. बाजारात दिसणारी टपोरी ब्लूबेरी बहुधा उंच झुडपाच्या जातीची असते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानटी झुडपांतून निवड करत तिची लागवड बसवली आणि १९१६ मध्ये तिचे पहिले व्यापारी पीक विक्रीस आले. तोवर हे फळ रानातून वेचूनच आणले जात असे. बुटक्या झुडपांची रानटी ब्लूबेरी आकाराने बारीक असते, त्यामुळे तेवढ्याच वजनात साल जास्त येते. साल जास्त म्हणजे रंग आणि चव दोन्ही गडद, पण चोथाही जास्त. तिचा निम्मा भाग चाळणीतून गाळून घेतला, तर जाम एकसारखा होतो.

पानगळ

गोठवलेली ब्लूबेरी वापरली तर आळण्यात फरक पडतो का? आमच्याकडे ताजी फार थोडे दिवस मिळते, आणि मिळते तेव्हा जाम करण्याइतकी शिल्लक राहत नाही.

निरीक्षक (धागाकर्ता)

गोठवलेली फळे जामसाठी अजिबात कमी प्रतीची नाहीत. गोठताना तयार झालेले बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशी फोडतात, त्यामुळे शिजायला लागताच रस आणि सालीतला रंग भराभर सुटतो आणि सालीही लवकर नरम पडतात. फळे वितळू न देता तशीच तोलून पातेल्यात टाकावीत, म्हणजे वितळताना सुटलेला रस भांड्याच्या तळाशी राहून जाणार नाही. वेगळे पाणी घालण्याची गरजही पडत नाही. अडचण एकच आहे, की गोठवलेल्या पाकिटात बहुतेक दाणे पूर्ण पिकलेले असतात आणि कमी पिकलेले निवडून घालण्याची सोय राहत नाही. तेव्हा लिंबाचा रस हात आखडता न घेता घालावा, किंवा आंबट सफरचंदाच्या साली आणि बियांचा गाभा पातळ कापडात बांधून फळांबरोबर शिजवावा व साखर घालण्यापूर्वी ती पुरचुंडी पिळून काढून टाकावी. सफरचंदात पेक्टिन भरपूर असते आणि एवढ्याशा प्रमाणात त्याची चव ब्लूबेरीवर कुरघोडी करत नाही.

उकळी

याला जोडून एक सुचवतो. फळांत पेक्टिन किती आहे हे साखर घालण्यापूर्वी जाणून घ्यायचे असेल, तर शिजलेल्या फळांचा चमचाभर रस गार करून तीव्र अल्कोहोलच्या मोठ्या चमचाभर द्रावात सोडावा आणि न ढवळता भांडे हलकेच फिरवावे. रसाचा एकसंध, उचलता येईल असा गोळा झाला तर पेक्टिन भरपूर आहे. त्याचे विस्कळीत तुकडे किंवा नुसतेच धागे दिसले तर ते बेताचे आहे. ब्लूबेरी बहुधा दुसऱ्या गटात पडते. हे मिश्रण चाखून पाहू नये आणि पुन्हा पातेल्यातही ओतू नये, तपासणी झाली की टाकून द्यावे.

मंदआच

सालींचे कारण कळले, आभारी आहे. रंगाविषयीही विचारून घेतो. लिंबाचा रस घातला त्या क्षणी निळसर जांभळा रस एकदम लालसर झाला. काही बिघडले तर नाही ना?

रसग्रहण

काहीही बिघडलेले नाही. ब्लूबेरीचा रंग तिच्या सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो. टपोऱ्या दाण्याचा गर आतून फिकट हिरवटच असतो हे दाणा कापून पाहिल्यास दिसेल. ही रंगद्रव्ये आम्लात लालसर होतात आणि आम्ल कमी होईल तशी निळसर जांभळ्याकडे झुकतात. केकच्या पिठात सोडा जास्त झाला की ब्लूबेरीभोवती निळे-हिरवे डाग पडतात, त्यामागेही हेच कारण आहे. रंग टिकवण्यासाठी शिजवण्याचा एकूण वेळ कमी ठेवणे आणि बरण्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवणे ही दोन पथ्ये पुरेशी आहेत, कारण उष्णता आणि प्रकाश यांनी रंग हळूहळू तपकिरी पडतो. एका वेळी दुप्पट जाम करू नये असे सांगतात, त्याचेही कारण हेच: पातेल्यातला थर जाड झाला की पाणी उडायला फार वेळ लागतो आणि रंग, वास व पेक्टिन या तिन्हींचे नुकसान होते.

सायसाखर

आता बरण्यांचे सांगावे. गरम जाम भरून बरणी उलटी ठेवली की झाकण आपोआप घट्ट बसते, अशी माझी समजूत आहे. तेवढे पुरते का?

तापमापी

झाकण घट्ट बसणे आणि आतील जंतू मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून बरणी उलटी ठेवण्यावर विसंबू नये. ब्लूबेरीचा जाम पुरेसा आंबट असतो आणि पीएच ४.६ च्या खाली बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू वाढत नाही, त्यामुळे ते भय इथे नाही. खरा शत्रू बुरशी आणि किण्व (यीस्ट) आहे. महिन्याभरात संपणारा जाम स्वच्छ बरणीत भरून सरळ फ्रीजमध्ये ठेवावा, त्यासाठी फार खटाटोप नको. बाहेर टिकवायचा असेल, तर बरण्या १० मिनिटे पाण्यात उकळून घ्याव्यात, गरम बरणीत गरम जाम वरून सुमारे ६ मिलिमीटर जागा सोडून भरावा, कडा ओल्या स्वच्छ कापडाने पुसून झाकण लावावे आणि बंद बरण्या पूर्ण बुडतील एवढ्या उकळत्या पाण्यात समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपर्यंत ५ मिनिटे, त्यापुढे १,८०० मीटरपर्यंत १० मिनिटे आणि त्याहून वर १५ मिनिटे ठेवाव्यात. कडेला लागलेला जामचा एक थेंबही झाकण नीट बसू देत नाही. वर मेणाचा थर ओतण्याची जुनी पद्धत आता सुरक्षित मानली जात नाही, कारण मेण आकसून कडेने फट पडते.

आणि बुरशी दिसली, तर वरचा थर काढून खालचा जाम खाण्याचा मोह टाळावा. तंतू आणि त्यांनी सोडलेली विषद्रव्ये डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेली असू शकतात. संपूर्ण बरणी टाकून द्यावी.

पानगळ

दोन बारीकसारीक शंका आहेत. फेस काढून टाकला तर वजनाचा हिशेब चुकत नाही का? आणि बरणीत सगळी फळे वर तरंगतात व खाली नुसता पाक राहतो, त्याला काय करावे?

निरीक्षक (धागाकर्ता)

फेस मध्येच काढला तर हिशेब थोडा चुकतो, म्हणून तो अगदी शेवटी काढावा. बराचसा फेस आच बंद केल्यावर ढवळताना आपोआप जिरतो. उरलेल्यासाठी मटाराच्या दाण्याएवढे लोणी पुरते. फळे तरंगतात, कारण भरताना पाक अजून पातळ असतो. आच बंद केल्यावर चार-पाच मिनिटे थांबून हलकेच ढवळावे आणि मग भरावे; तेवढ्यात पाक किंचित दाटतो आणि दाणे जिथल्या तिथे राहतात. निम्मी फळे चेचून घेतली असतील, तर ही तक्रार सहसा येत नाही.

मंदआच

शेवटचा प्रश्न. बरण्या भरून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी जाम पातळच आहे असे दिसले, तर तो फुकट गेला म्हणायचे का?

उकळी

आधी थांबावे. जाळे पूर्ण बसायला एक-दोन दिवस लागतात आणि काही वेळा आठवडाभरही जातो, त्या काळात बरणी हलवून, तिरकी करून पाहत राहू नये, कारण हलवल्याने अर्धवट बसलेले जाळे मोडते. त्यानंतरही पातळ असेल, तर साधारण १ लिटर जामला दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून रुंद पातेल्यात उकळी आणावी, तीन-चार मिनिटे जोरात उकळावे आणि बशीवर पाहावे. यासाठी बाटलीतला लिंबाचा रस ताज्यापेक्षा बरा, कारण त्याची आंबटाई ठरावीक असते. रस मापापेक्षा जास्त घालू नये. आम्ल फार झाले तर जाळे आकसून पाणी सोडते आणि जामवर पातळ थर साचतो. बरण्या आणि झाकणे मात्र नव्याने उकळून घ्यावी लागतील, आणि एकदा वापरलेली चपटी झाकणे पुन्हा न वापरता नवी घ्यावीत.

निरीक्षक (धागाकर्ता)

यात एवढेच जोडतो, की पुन्हा उकळण्याआधी त्या पातळ जामचे वजन करून पाहावे. ठरलेल्या आकड्यापेक्षा ते १०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक भरले, तर लिंबू न घालता नुसते आटवावे. वजन बरोबर असेल, तरच वरचा उपाय करावा.